मध्यस्थ होते कोठे?

पतीने न्यायालयातील लेखी कैफियतीत, म्हणजे पत्नीच्या अर्जाला दिलेल्या उत्तरात, ‘तलाक दिला आहे’ एवढे एक वाक्य लिहिले, की पोटगीचा दावा लंगडा पडावा, अशी सोय १९८६ च्या मुस्लिम महिला कायद्यानंतर झाली होती. कारण घटस्फोटितेचा निर्वाह ही पतीची जबाबदारी इद्दतपुरती, म्हणजे साधारण तीन महिन्यांपुरती, उरते असा त्या कायद्याचा अर्थ पुष्कळदा लावला जाई. लातूरच्या दगडू पठाण प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठाने मे २००२ मध्ये ही वाट बंद केली. तलाकला सबळ कारण होते, पती व पत्नी या दोघांच्या घराण्यांतून एकेक मध्यस्थ नेमला होता आणि समेटाचा प्रयत्न फसला होता, हे सारे पतीने पुराव्यानिशी सिद्ध केले पाहिजे, असे पूर्णपीठाने ठरवले. ऑक्टोबर २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही शमीम आरा खटल्यात नुसत्या कैफियतीतला तलाक अमान्य केला.

पूर्णपीठाच्या निकालातील खरी खुबी मध्यस्थांच्या उल्लेखात आहे. कॅनडातील ओंटारिओ प्रांताने २००६ मध्ये धार्मिक कायद्यानुसार होणाऱ्या कौटुंबिक लवादांचे कायदेशीर बळ काढून घेतले, तर ब्रिटनमध्ये लवादसेवांना समतेच्या कायद्याखाली आणणारे बॅरोनेस कॉक्स यांचे २०११ चे विधेयक संमतच झाले नाही; औरंगाबादच्या न्यायमूर्तींनी मात्र कुराणातीलच मध्यस्थीची तरतूद हाती घेऊन ती पत्नीचे संरक्षण म्हणून वापरली.

मध्यस्थी आणि निवाडा यांत फरक आहे. दारुल कझा, म्हणजे काझीपुढे चालणारे धार्मिक न्यायमंडळ, दोघांची समजूत घालू शकते. परंतु त्याचा निर्णय कोणावरही बंधनकारक नाही आणि तो बळाने लादणे बेकायदा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१४ मध्ये सांगितले. जातपंचायतीला तर महाराष्ट्राने अधिक कडक लगाम घातला असून, २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यानुसार वाळीत टाकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

एका दमात दिलेला तिहेरी तलाक २०१७ मध्ये रद्दबातल ठरला व २०१९ मध्ये गुन्हा झाला. पण टप्प्याटप्प्याने दिला जाणारा तलाक कायम आहे, आणि तसा तलाक दिल्याचे सांगून हदगावसारख्या तालुक्याच्या न्यायालयात पोटगी नाकारणाऱ्या पतीला आजही मध्यस्थ कोण होते, ते कधी बसले आणि समेट का झाला नाही, हे दाखवावेच लागते.