विश्लेषण : निवारा केंद्रातील वयस्क गावठी कुत्रा दत्तक घेताना काय पाहावे?

निवारा केंद्रात कुत्रा घ्यायला येणाऱ्यांची नजर आधी पिल्लांवर जाते. तोंडाभोवतीचे केस पांढरे झालेला आठ-दहा वर्षांचा गावठी किंवा मिश्र जातीचा कुत्रा मागेच राहतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२५ मधील आदेशांनंतर हा प्रश्न जळगाव, धुळ्यासारख्या शहरांसाठीही महत्त्वाचा झाला आहे.

न्यायालयाने काय म्हटले?
२२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशानुसार, निर्बीजीकरण व लसीकरण केलेले कुत्रे पकडलेल्या भागातच सोडायचे. रेबीजग्रस्त आणि आक्रमक कुत्रे अपवाद. ७ नोव्हेंबरला मात्र शाळा, रुग्णालये, क्रीडा संकुले, बसस्थानके व रेल्वे स्थानकांच्या आवारातील कुत्रे निवारा केंद्रात हलवावेत, पुन्हा तिथे सोडू नयेत, असे आदेश देण्यात आले. म्हणजे एखाद्या बसस्थानकावर वाढलेल्या कुत्र्याला घर मिळाले नाही, तर त्याचे म्हातारपण केंद्रातच जाणार. दत्तक घेण्याची मुभा आहे. पण तो कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी घेणाऱ्याची.

‘वयस्क’ कधी म्हणायचे?
साधारण सात वर्षांनंतर. मोठ्या चणीच्या कुत्र्यांना म्हातारपण लवकर येते, लहान चणीच्यांना उशिरा. दातांवरून वयाचा फक्त अंदाज येतो. डोळ्यांतील निळसर झाक म्हणजे मोतीबिंदूच असे नाही. डॉक्टरांना दाखवून खात्री करावी.

फायदा काय?
पिल्लू मोठे झाल्यावर कसे निघेल, हे सांगता येत नाही. वयस्क कुत्र्याचा आकार आणि बराचसा स्वभाव समोर दिसतो. दोन-तीनदा भेटा, फिरवून पाहा. लहान मुले, मांजर, इतर कुत्रे यांच्याशी तो कसा वागतो, खाताना गुरगुरतो का, हे सांभाळणाऱ्याला विचारा.

कोणत्या तपासण्या कराव्यात?
मूत्रपिंड व यकृतासाठी रक्ततपासणी, गोचीड ताप, दात, सांधे, हृदय आणि अंगावरील गाठी. लसीकरणाची नोंद मागा. मादीचे निर्बीजीकरण झाले नसेल, तर वाढत्या वयात गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो.

खान्देशच्या उन्हाळ्यात काय काळजी घ्यावी?
मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो. कुत्रा मुख्यतः धापा टाकून शरीर थंड ठेवतो. म्हाताऱ्या कुत्र्याला ते जड जाते. त्याला गच्चीवर किंवा पत्र्याच्या शेडमध्ये बांधू नका. फिरायला पहाटे न्या. संध्याकाळी डांबरावर हाताचा पालथा पंजा सात सेकंद टेकवून पाहा. आपल्याला सोसत नसेल तर त्यालाही सोसणार नाही.

घरातले जेवण चालेल?
भात किंवा भाकरीसोबत उकडलेले अंडे, चिकन चालते. उरलेली शेवभाजी, भरीत नको. त्यातील कांदा-लसूण कुत्र्यांना घातक असतो. द्राक्षे, मनुका, चॉकलेटही टाळा. तो लंगडतो म्हणून माणसांची वेदनाशामक गोळी कधीही देऊ नका.

रुळायला किती वेळ लागतो?
ढोबळ हिशेब असा : भीती कमी व्हायला तीन दिवस, दिनक्रम कळायला तीन आठवडे, घर आपले वाटायला तीन महिने. सुरुवातीला पळून जाण्याचा धोका जास्त, त्यामुळे बाहेर पट्टा सोडू नका. घरात लादी गुळगुळीत असेल तर सतरंजी टाका. दुखऱ्या सांध्यांना आधार मिळतो.

जमले नाही तर?
प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार प्राण्याला उपाशी-तहानलेला राहील अशा स्थितीत सोडून देणे गुन्हा आहे. त्यामुळे केंद्र कुत्रा परत घेईल का, हे आधीच लेखी ठरवा. दिवाळीत गावी गेल्यावर त्याला कोण सांभाळणार आणि औषधांचा खर्च कोण करणार, या दोन प्रश्नांची उत्तरे घरात सर्वांनी मिळून दिल्यावरच त्याला आणा. त्याच्याकडे वर्षे थोडीच उरलेली असतात. त्यात पुन्हा घर बदलण्याची वेळ येऊ नये.