आडोल्फ मेन्झेल : दरबारी चित्रकाराची खासगी चित्रे

आडोल्फ मेन्झेल या जर्मन चित्रकाराचा जन्म ८ डिसेंबर १८१५ रोजी ब्रेस्लाऊ येथे झाला. तेव्हा प्रशियात असलेले हे शहर आज व्रोत्स्वाफ या नावाने पोलंडमध्ये आहे. वडिलांचा शिळाछापखाना होता. १८३० मध्ये कुटुंब बर्लिनला आले आणि दोन वर्षांत वडील वारले. सोळाव्या वर्षीच छापखाना व घर दोन्ही त्याच्या गळ्यात पडले. १८३३ मध्ये तो काही काळ कला अकादमीत गेला. बाकी सारे शिक्षण स्वतःचे स्वतः. उंची जेमतेम साडेचार फूट असल्याने लष्करी सेवेतून त्याला सूट मिळाली.

फ्रान्झ कुग्लर याने लिहिलेल्या, प्रशियाचा राजा फ्रेडरिक द ग्रेट याच्या चरित्राने त्याचे नाव झाले. त्यासाठी मेन्झेलने काढलेली सुमारे ४०० चित्रे लाकडी ठशांवरून छापली गेली. गणवेशाच्या बटणापर्यंत सारे तपशील त्याने जुन्या वस्तू पाहून पारखले होते. पुढे याच राजावर त्याने तैलचित्रे रंगवली. सांसूसी राजवाड्यात बासरी वाजवणारा फ्रेडरिक (१८५०-५२) हे त्यांतले सर्वांत लोकप्रिय.

खरा मेन्झेल मात्र त्याने लोकांपुढे फारशी न आणलेल्या छोट्या चित्रांत सापडतो. ‘सज्ज्याची खोली’ (१८४५) या चित्रात माणूस नाही, प्रसंग नाही. वाऱ्याने फुगलेला पातळ पडदा, जमिनीवरचे ऊन, एकमेकींकडे पाठ केलेल्या दोन खुर्च्या, एवढेच. असाच क्षणिक प्रकाश टिपणाऱ्या दृक्‌प्रत्ययवाद्यांचे (इम्प्रेशनिस्टांचे) पॅरिसमध्ये पहिले प्रदर्शन भरले ते १८७४ मध्ये, म्हणजे तब्बल २९ वर्षांनी! मार्च १८४८ च्या बर्लिनमधील उठावातील मृतांच्या अंत्यदर्शनाचे चित्र त्याने हाती घेतले, पण ते अपुरेच राहिले. प्रशियाचा राजा विल्यम पहिला याच्या राज्याभिषेकाचे भव्य दरबारी चित्र मात्र चार वर्षे खपून त्याने पूर्ण केले.

‘लोखंडाचा रोलिंग कारखाना’ (१८७२-७५) या चित्रासाठी तो अप्पर सायलेशियातील क्योनिग्सह्युटे येथे गेला व तेथे त्याने ढीगभर रेखाटने केली. मध्यभागी तापून लाल झालेले लोखंड रोलरमधून जाते. कडेला कोणी अंग धुतो, कोणी घाईघाईने जेवतो. यात कामगारांचा गौरव नाही की कणवही नाही. दिसतो तो राबण्याचा रगाडा. बर्लिनच्या नॅशनल गॅलरीने १८७५ मध्येच हे चित्र विकत घेतले.

रेखाटनाचा त्याला जणू ध्यासच होता. दोन्ही हातांनी तो चित्रे काढी आणि कोटाच्या खिशांत वह्या बाळगी. १८६६ च्या प्रशिया-ऑस्ट्रिया युद्धानंतर त्याने मृत सैनिकही रेखाटले. फ्रान्समध्ये एद्गार दगा याच्यासारखा चित्रकार त्याचा चाहता होता. त्याने मेन्झेलच्या ‘नृत्यसमारंभातील भोजन’ या चित्राची नक्कलही केली.

मेन्झेल अविवाहित राहिला. १८९८ मध्ये त्याला ‘ब्लॅक ईगल’ हा प्रशियाचा सर्वोच्च सन्मान व त्याबरोबर सरदारकी मिळाली. ९ फेब्रुवारी १९०५ रोजी तो बर्लिनमध्ये निधन पावला. अंत्ययात्रेत सम्राट विल्यम दुसरा शवपेटीमागून चालला. त्याच वर्षी नॅशनल गॅलरीने भरवलेल्या स्मृतिप्रदर्शनात त्याची तरुणपणची छोटी चित्रेही लोकांना पाहायला मिळाली.