केळीचा ‘हरण्या’ आणि प्रथिनाची पकड

२०२० साली जळगावच्या रावेर-यावल भागात केळीच्या पानांवर पिवळे पट्टे दिसू लागले आणि शेतकऱ्यांना रोपे उपटून टाकावी लागली. हा ‘हरण्या’ रोग. तो कुकुंबर मोझॅक विषाणूमुळे होतो व मावा कीड तो पसरविते. या विषाणूची जनुके आरएनएची असतात.

वनस्पती प्रतिकार करतेच. विषाणूच्या दुपदरी आरएनएचे ती सुमारे २१ जोड्यांचे तुकडे करते. त्या तुकड्यांच्या खुणेवरून तिची विकरे विषाणूचा आरएनए शोधून कापतात. विषाणूचे ‘२बी’ प्रथिन मात्र हे तुकडेच अडकवून ठेवते.

ते तुकडा ओळखते कसे? अक्षरे वाचून नव्हे, तर आकार चाचपून! याच कुळातील टोमॅटो अ‍ॅस्पर्मी विषाणूच्या २बी प्रथिनाची रचना २००८ मध्ये उलगडली. प्रथिनाचे दोन रेणू जोडीने, आकड्यांसारखे, आरएनएच्या मळसूत्रातील लगतच्या दोन खोबणींत बसतात. दोन्ही टोकांना ट्रिप्टोफॅनचे चपटे वलय शेवटच्या बेसला टेकते. अशा रीतीने लांबीही मापली जाते.

विषाणूवर औषध नाही. म्हणून माव्याचे नियंत्रण व रोगट रोपे काढणे हेच उपाय. विद्यार्थ्यांना विचारावे : हे प्रथिन अक्षरे वाचून एकच तुकडा ओळखत असते, तर विषाणूचे किती तुकडे निसटले असते?