बालनटाचे मोठे होणे

पडद्यावरचे मूल कधी मोठे होत नाही. ती भूमिका करणारे मूल मात्र मोठे होते. एवढ्या साध्या गोष्टीच्या पोटी केवढे दुःख दडलेले असते, हे सर्गेई शेवकुनेंको या सोव्हिएत बालनटाच्या चरित्रावरून ध्यानात येते.

त्याचा जन्म २० नोव्हेंबर १९५९ रोजी मॉस्को येथे झाला. आईवडील दोघेही मॉसफिल्म या प्रख्यात सरकारी चित्रसंस्थेत होते. १९६३ साली वडील वारले आणि संसाराचा भार आईवर पडला. १९७३ साली बेलारूसफिल्म या संस्थेने अनातोली रिबाकोव यांच्या ‘कट्यार’ या कादंबरीवर तीन भागांचा दूरचित्रवाणीपट काढला. त्याचा नायक मिशा पोल्याकोव हा क्रांतीनंतरच्या धामधुमीत एका जुन्या कट्यारीचे रहस्य उकलणारा, करारी, सवंगड्यांचा पुढारी असा मुलगा. ही भूमिका सर्गेईने केली आणि तो देशभर घरोघरी ओळखीचा झाला. १९७४ साली ‘ब्राँझचा पक्षी’ या उत्तरकथेत तो पुन्हा मिशा झाला. १९७५ साली ‘हरवलेली मोहीम’ आली. एवढ्यातच कारकीर्द आटोपली.

असे का व्हावे? बालनटाला भूमिका मिळते ती त्याच्या वयामुळे, आणि वय तर थांबत नाही. नटाचे रीतसर शिक्षण देणाऱ्या संस्थांत प्रवेश मिळे तो शालेय शिक्षण पुरे झाल्यावर. मधली दोन-तीन वर्षे मोठी नाजूक. कीर्ती मागे राहिलेली, धंदा अजून हाती आलेला नाही. याच वयात, १९७६ साली, दंगामस्तीच्या गुन्ह्यासाठी सर्गेईला शिक्षा झाली. पुढे १९७८ साली चोरीबद्दल तो पुन्हा तुरुंगात गेला. चोरी झाली होती मॉसफिल्मच्याच उपाहारगृहात! त्यानंतर तुरुंगवाऱ्या चालूच राहिल्या. सोव्हिएत संघ १९९१ साली मोडला, तेव्हा माजलेल्या गुंडगिरीत तो एका टोळीचा म्होरक्या झाला. त्या जगात त्याचे एक टोपणनाव होते ‘कलावंत’. ११ फेब्रुवारी १९९५ रोजी मॉस्कोतील राहत्या घरी त्याची व त्याच्या आईची हत्या झाली. तो ३५ वर्षांचा होता.

या सर्वाचा दोष चित्रपटाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण मुलाला कामावर बोलावताना दहा माणसे त्याच्या दारी येतात. काम संपल्यावर त्याच्या शाळेची, सोबतीची, मनाची विचारपूस करायला त्यांतले एक तरी माणूस यायला नको का?