चौदा फुटांची खोली

एक कल्पना करून पाहा. तुम्हाला जाग येते ती एका चौकोनी, बंद खोलीत. चार भिंती, वर छत, खाली जमीन आणि या सहाही बाजूंच्या मधोमध एकेक लहानसे दार. दार उघडून डोकावले तर पलीकडे अगदी तशीच खोली, फक्त रंग वेगळा. तिच्या पलीकडेही तशीच. अंगावर कैद्यासारखे कपडे आहेत. इथे कोणी आणले, का आणले, काही आठवत नाही. आणि काही खोल्यांत पाऊल टाकणाऱ्याचा जीव घेणारे सापळे दडलेले आहेत.

'क्यूब' हा कॅनडाचा चित्रपट इथूनच सुरू होतो. तो १९९७ साली आला. व्हिन्सेंझो नताली या दिग्दर्शकाचा तो पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. रहस्यपट म्हटला की आपल्यासमोर पाठलाग, गाड्या, बंदुका आणि परदेशातली ठिकाणे येतात. इथे यातले काही नाही. आहेत ती मोजकी माणसे आणि खोल्या. तरीही एवढ्या वर्षांनंतर तो पाहणारा माणूस खुर्चीत सावरून बसतो. असे का होते, याचा आज थोडा विचार करू.

आधी पैशाची बाजू पाहू. हा चित्रपट साधारण साडेतीन लाख कॅनेडियन डॉलरमध्ये तयार झाला. चित्रपटाच्या धंद्यात ही रक्कम किरकोळच. कॅनेडियन फिल्म सेंटरच्या नवोदित दिग्दर्शकांसाठीच्या योजनेतून तो उभा राहिला. चित्रपटात खोल्या हजारो आहेत. प्रत्यक्षात टोरांटोमध्ये पूर्ण बांधलेली खोली होती एकच, चौदा फूट लांब आणि तितकीच रुंद. शेजारची खोली दिसावी म्हणून दुसरीचा थोडा भाग उभारला होता. माणसाचे वजन पेलेल असे दार तर एकच होते.

मग लाल, निळ्या, हिरव्या, पांढऱ्या खोल्या आल्या कुठून? भिंतींतल्या चौकटींवर रंगीत पारदर्शक कागद लावून मागून दिवे सोडले, की त्याच खोलीची दुसरी खोली होई. पण हे कागद बदलायला फार वेळ लागे. म्हणून एका रंगाच्या खोलीतले सगळे प्रसंग एकदम चित्रित करायचे आणि मग दुसरा रंग लावायचा, अशी पद्धत ठेवली. त्यामुळे गोष्टीच्या सुरुवातीचा धक्का आणि शेवटाकडचा थकवा नटांना पाठोपाठ उभा करावा लागला असणार.

आता यातली गंमत लक्षात घ्या. निर्मात्यांची अडचण तीच पात्रांचीही अडचण आहे. ती एका खोलीतून दुसरीत जातात, धापा टाकतात, आणि समोर पुन्हा तीच खोली! आपण पुढे सरकलो की तिथेच घुटमळतो आहोत, हे त्यांना कळत नाही आणि आपल्यालाही कळत नाही. हातात भरपूर पैसा असता तर कदाचित शंभर तऱ्हेच्या खोल्या बांधल्या गेल्या असत्या आणि कोंडल्याची ही भावना नेमकी तिथेच निसटली असती.

अशा चित्रपटांची परंपरा तशी जुनी आहे. हिचकॉकने १९४४ साली 'लाइफबोट'मध्ये सगळी गोष्ट समुद्रातल्या एका होडीत घडवली. आपल्याकडे यश चोप्रांचा १९६९ सालचा 'इत्तेफाक' गाण्यांशिवाय, बराचसा एका घरात आणि एका रात्रीत घडतो. या सगळ्यांमागचे तत्त्व एकच. माणसाला पळायला जागा उरली नाही की तो आपले खरे रूप फार काळ लपवू शकत नाही.

'क्यूब'मधली माणसे पाहा. क्वेंटिन पोलीस आहे, हॉलोवे डॉक्टर, लेव्हन गणित शिकणारी मुलगी, वर्थ इमारतींचे आराखडे काढणारा. रेन हा तुरुंग फोडण्यात तरबेज असलेला म्हातारा. आणि कझान हा स्वमग्न तरुण. ही नावे तुरुंगांवरून घेतलेली आहेत. सॅन क्वेंटिन आणि लेव्हनवर्थ अमेरिकेतले. लेव्हन आणि वर्थ ही दोन नावे मिळूनच तो दुसरा तुरुंग होतो. हॉलोवे हा लंडनमधला स्त्रियांचा तुरुंग, २०१६ साली बंद झालेला.

दोन खोल्यांमधल्या दाराशी तीन-तीन अंकी तीन संख्या कोरलेल्या असतात. लेव्हनला वाटते, यात एखादी मूळ संख्या असेल तर पुढे सापळा आहे. मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही पूर्ण भाग जात नाही ती. ३३१ ही मूळ संख्या. ३२३ नाही, कारण सतरा एकोणीसे ३२३. हजाराच्या आतली कोणतीही संख्या तपासायची तर २ पासून ३१ पर्यंतच्या अकरा मूळ संख्यांनी भागून पाहिले की पुरते. शाळेतल्या मुलालाही जमेल असे हे काम. पण प्रत्येक भागाकारावर जीव टांगलेला असेल तर? काही काळ हा हिशेब बरोबर येतो आणि मग एकदा चुकतो. कारण नियम थोडा वेगळा निघतो. मूळ संख्येचे घातही धोक्याचेच असतात. म्हणजे सात गुणिले सात गुणिले सात, ३४३, अशा संख्या. हा हिशेब झटपट तोंडी करणारा एकच जण त्यांच्यात असतो : कझान. ज्याला सगळे ओझे समजत होते, तोच त्यांचा आधार ठरतो.

चित्रपटातला सर्वांत ताणाचा प्रसंगही असाच बिनखर्चाचा आहे. एका खोलीतला सापळा आवाजाने सुटतो. ती ओलांडताना श्वासाचाही आवाज नको. सगळे एकेक करून सरकत पलीकडे जातात. कझानला गप्प राहायचे कसे समजावणार? पडद्यावर काही मिनिटे कोणी बोलत नाही. आणि क्वेंटिन अजून खोलीत असतानाच कझानच्या तोंडून आवाज निघतो. क्वेंटिन थोडक्यात वाचतो, पण त्यानंतर त्याची नजर बदलते. सुरुवातीला सर्वांना धीर देणारा हा माणूस हळूहळू सापळ्यांपेक्षा भीतीदायक होत जातो.

पण खरा घाव वेगळ्या ठिकाणी बसतो. हे सगळे बांधले कोणी, यावर पात्रांचा वाद चालतो. सरकारने? सैन्याने? एखाद्या विकृत श्रीमंताने? आणि मग वर्थ कबूल करतो की या इमारतीच्या बाहेरच्या कवचाचा आराखडा त्याने स्वतः काढला आहे. काम कोणासाठी हे त्याला ठाऊक नव्हते. त्याने विचारले नाही. दारे कोणी दुसऱ्याने केली, दिवे तिसऱ्याने. प्रत्येकाला आपला तुकडा माहीत होता. यामागे कोणी मोठा कारस्थानी नाही, असे तो म्हणतो. आणि एवढे बांधून झाले आहे तर ते वापरायला हवे, म्हणून माणसे आत घातली गेली.

त्याच्याच आराखड्यावरून लेव्हन हिशेब मांडते. एका बाजूला सव्वीस खोल्या, म्हणजे एकूण १७,५७६. आणि या सगळ्याचा जाब विचारावा असा एकही माणूस नाही.

हे ऐकताना आपण अस्वस्थ होतो, कारण वर्थ राक्षस नाही. तो कार्यालयातला साधा नोकरदार आहे. दिलेले काम वेळेवर करणारा, पगार घेऊन घरी जाणारा. आपणही टेबलावर आलेला कागद सही करून पुढे सरकवतोच की! तो कागद पुढे कुठे जातो, त्याने कोणाचे काय होते, हे किती वेळा विचारतो?

मराठी प्रेक्षकाला बंद दाराचा हा अनुभव नवा नाही. विजय तेंडुलकरांच्या १९६७ सालच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्येही एका सभागृहाच्या दाराला बाहेरून कडी बसते आणि आत खेळ म्हणून सुरू झालेला खटला बेणारेबाईंच्या जिवावर उठतो. तिथेही सापळा माणसांचाच असतो.

'क्यूब'चे पुढचे भाग आले, २०२१ साली जपानमध्ये तो नव्याने काढलाही गेला. त्यात खोल्या वाढल्या, यंत्रे वाढली. पण मूळ चित्रपट पाहून उठताना मनात राहते ती खोली नव्हे आणि सापळाही नव्हे. मनात राहतो तो वर्थ, ज्याने एक भिंत आखली आणि पलीकडे काय आहे हे विचारले नाही. शक्य झाले तर हा चित्रपट जरूर पाहा. आणि सोमवारी सकाळी टेबलावर पहिला कागद आला, की सही करण्याआधी तो एकदा पूर्ण वाचा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)