दगडातील झाड : शजर आणि जयपूरची साण

जयपूरच्या जोहरी बाजारात पाचू आणि माणकांच्या शेजारी एक अल्पमोली खडा नेहमी आढळतो. दुधी रंगावर काळपट फांद्या, पाने, क्वचित एखादे संपूर्ण झुडूप. हा वृक्षाकृती अकीक, अर्थात 'शजर'. अरबी-फारसीत शजर म्हणजे झाड.

वनस्पतीचा मात्र त्यात अंशही नसतो. भारतातील बहुतांश अकीकाचे मूळ दख्खनच्या लाव्हारसात आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थंड होत गेलेल्या या रसात वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या ठेवल्या. सिलिकायुक्त पाणी त्यांत थरांवर थर साचवीत गेले आणि अतिसूक्ष्म स्फटिकांचा कठीण दगड तयार झाला. सह्याद्रीत घाटरस्त्यासाठी फोडलेल्या काळ्या कातळात चमकणाऱ्या गारगोट्याही याच कुळातील. मँगेनीज व लोहाची ऑक्साइडे अशा दगडात शाखा फोडत वाढली, की झाडाचा भास होतो.

लोकांनी याचे कारण निराळे शोधले. उत्तर प्रदेशातील बांदा येथे केन नदीच्या पात्रात शजर सापडतो. शरद पौर्णिमेच्या, म्हणजे आपल्या कोजागरीच्या, रात्री चंद्रकिरणांच्या वाटेत जे येते त्याचे चित्र दगडावर उमटते, अशी तेथील श्रद्धा आहे. स्फटिकशास्त्राहून हे स्पष्टीकरण अधिक रम्य आहे, हे मान्य करावे लागेल. बांद्याच्या या कलेला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गुजरातमधील रतनपूरच्या अकीक खाणींजवळ बावा गोर या आफ्रिकी वंशाच्या संताचा दर्गा असून अकीक व्यवसायाचे ते संरक्षक मानले जातात.

सवाई जयसिंग यांनी १७२७ मध्ये वसविलेल्या जयपूरचे महत्त्व खाणींमुळे नव्हे, कारागिरांमुळे आहे. शजराचे सारे मोल कापणीत असते. काप किंचित चुकला तर झाड अर्ध्यावर तुटते, जाड राहिला तर आकृती धूसर होते. ग्राहकाने एवढे ध्यानात ठेवावे, की अकीक सच्छिद्र असल्याने सहज रंगविता येतो. साखरेच्या पाकात मुरवून गंधकाम्लात ठेवलेला खडा काळाभोर होतो. भडक निळा वा गुलाबी अकीक तर बहुधा रंगविलेलाच असतो.

या सौंदर्याची खरी किंमत साणेवर बसणारा मोजतो. कोरड्या घासणीतून उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो. त्यावर उपाय नाही. खंभातच्या अकीक कारागिरांमध्ये तो दीर्घकाळ नोंदला गेला आहे. राजस्थान सरकारने २०१९ मध्ये धूळजन्य फुप्फुसरोगांविषयी धोरण जाहीर करून रुग्णांना अर्थसाहाय्याची तरतूद केली. घासताना पाण्याची धार सोडणे आणि धूळ ओढून घेणारे यंत्र बसविणे, हे प्रतिबंधाचे ज्ञात मार्ग आहेत. मात्र खंभातमध्ये हे काम घरोघरी चालत आले. तेथे साण आणि स्वयंपाकाची चूल यांत फार अंतर नसते, आणि धूळ घरातील मुलांच्याही श्वासात जाते.