पेडलचे किट कुणाकडून घ्यावे?

गिटार वाजवणाऱ्याच्या पायाशी एक छोटी ॲल्युमिनियमची डबी असते. पायाने बटण दाबले की आवाज जाड होतो, फाटल्यासारखा येतो किंवा मागे घुमत राहतो. या डबीला पेडल म्हणतात. नावाजलेल्या कंपनीचे तयार पेडल कामगाराच्या घराला परवडणारे नसते. म्हणून हौशी मुले छापील सर्किट बोर्ड आणि सुटे भाग असलेले किट मागवतात आणि घरीच सोल्डरिंग करून ते जोडतात. मासिकाच्या वाचकांना हा विषय जरा आडवाटेचा वाटेल. पण भोसरीत आमच्या ओळखीच्या घरांतून हा प्रश्न आता येऊ लागला आहे: पोराला किट हवे आहे, पैसे आगाऊ भरायचे आहेत, विक्रेता कोण कुठला माहीत नाही. सर, तुम्ही सांगा.

आधी घरातला वाद. वाद्यांविषयी आपल्या उलेमांत एकमत नाही. हनफी फिकहमध्ये बहुतेकांचा कल मनाईकडे आहे. दुसरीकडे चिश्ती सिलसिल्यात समाची परंपरा आहे, आणि इमाम गज़ालींनी ‘इह्या’मध्ये या प्रश्नावर स्वतंत्र प्रकरणच लिहिले आहे. आपल्या महाराष्ट्राचेच पाहा. मिरजेचे शिकलगार पूर्वी तलवारी घडवत आणि त्यांना धार लावत. तलवारीचे दिवस गेले तेव्हा एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातल्या कारागिरांनी सतार आणि तंबोरा करायला घेतला. त्या घरांत आजही हेच काम चालते आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेतच राहिले, 1937 मध्ये वारले आणि तिथल्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. कोणत्या घराने काय मानावे हे आम्ही सांगणार नाही. तो निर्णय आई-वडिलांचा आणि ते ज्या आलिमांना विचारतात त्यांचा. एवढेच म्हणू की पेडलमध्ये जे सर्किट असते, त्याच कुळातले सर्किट मशिदीच्या ॲम्प्लिफायरमध्ये आणि आजोबांच्या कानाच्या यंत्रात असते. एक जोडता आले की दुसरे दुरुस्त करण्याची हिंमत येते.

ज्या मुलामुळे हा लेख लिहायला घेतला तो डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील एमआयडीसीत प्रेसवर कामाला. मिक्सर आणि पंखे दुरुस्त करून त्याने चार हजार रुपये साठवले होते. वडिलांचे म्हणणे, गिटार घरात नको, पण हाताचे काम शिकत असशील तर अडवणार नाही. म्हणजे किट फसले असते तर केवळ चार हजार गेले नसते, घरातली ती सवलतही गेली असती. त्याच्या वर्गातल्या एका मित्राचे तसे झाले होते. एका विक्रेत्याकडून आलेल्या किटमध्ये दोन कपॅसिटर कमी, बोर्डावर छापलेले आकडे कागदावरच्या यादीशी जुळेनात, आणि संदेशाला उत्तर नाही. तो अर्धवट बोर्ड अजून कपाटात पडला आहे.

मग विक्रेता पारखायचा कसा? सहीह मुस्लिममधला प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. पैगंबर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम बाजारात धान्याच्या ढिगात हात घालतात, आत ओल लागते, आणि ते विचारतात की भिजलेला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस? किटच्या बाबतीत हा हात घालायची जागा म्हणजे जोडणीची पुस्तिका. चांगला विक्रेता ती पुस्तिका पैसे घेण्याआधीच उघडी ठेवतो. सर्किटचा आराखडा, प्रत्येक भागाची किंमतीसह यादी (इथे किंमत म्हणजे रुपये नव्हेत, ओहम आणि मायक्रोफॅरड), बोर्डाचा फोटो, वायरिंगचे चित्र. हे सगळे मुलाने आधी उतरवून घ्यावे आणि रात्री बसून वाचावे. कळले नाही तर ते किट त्याच्यासाठी नाही. पुस्तिका ‘ऑर्डरनंतर मिळेल’ म्हणणाऱ्याकडून पहिले किट घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरी परीक्षा याहून सोपी. एक प्रश्न लिहून पाठवायचा. उदाहरणार्थ, ‘अमुक ट्रान्झिस्टर संपला असेल तर त्याच्या जागी काय देता, आणि तसे आधी कळवता का?’ उत्तर किती दिवसांत येते आणि कसे येते, यावरून पुढचे कळते. जो विकण्याआधी बोलत नाही तो विकल्यानंतर काय बोलणार!

फिकहमध्ये ‘ख़ियार-ए-रूयत’ म्हणून एक हक्क आहे: न पाहता घेतलेली वस्तू पाहिल्यावर सौदा मोडण्याची मुभा. ऑनलाइन खरेदीच्या काळात आम्हाला ही जुनी संज्ञा फार जवळची वाटते. देशाचा कायदाही त्याच दिशेचा आहे. ग्राहक संरक्षणाच्या 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने आपले नाव-पत्ता, मालाचा मूळ देश, परतीच्या व पैसे परत करण्याच्या अटी सांगायला हव्यात. हे जिथे दिसत नाही तिथे थांबावे. मात्र एक ध्यानात ठेवावे. भाग एकदा बोर्डावर सोल्डर केला की परतीची भाषा संपते. म्हणून पाकीट आले की त्याच दिवशी सगळे भाग पांढऱ्या कागदावर मांडून, यादीशी ताडून, मल्टिमीटरने रेझिस्टर मोजून घ्यावेत. पाकीट उघडताना मोबाइलवर चित्रण करावे. काम सुरू करण्याची घाई असते, पण हा एक तास वाचवू नये.

आता परदेशी की देशी? या छंदात नावाजलेले काही विक्रेते बाहेरचे आहेत: जर्मनीतले म्युझिकडिंग, अमेरिकेतले स्ट्यूमॅक आणि पेडलपीसीबी, बँकॉकचे टायडा. यांची नावे मुलांच्या तोंडी असतात. पण टपालखर्च, त्यावर कस्टम आणि आयजीएसटी धरला तर स्वस्त किट स्वस्त राहत नाही, आणि एखादा भाग कमी आला तर तो परत मागवण्यात महिना जातो. आम्ही त्या मुलाला बाहेरून मागवू दिले नाही. मागवायचाच तर फक्त बोर्ड मागवावा, तो हलका आणि सपाट असतो. बाकीचे सगळे इथे मिळते.

इथे म्हणजे अगदी दारात. इलेक्ट्रॉनिक सुटे भाग आणि रोबोटिक्सचे सामान विकणारी ‘रोबू’ ही मॅकफॉस कंपनी भोसरी-आळंदी रस्त्यावर दिघीत आहे. ती 2023 मध्ये मुंबई शेअर बाजाराच्या एसएमई विभागात नोंदली गेली. देशभरातली पोरे जिच्याकडून मागवतात ती आपल्या शेजारची, हे भोसरीतल्या बऱ्याच जणांना माहीत नसते. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास आणि तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला काउंटरवर उभे राहून भाग घेता येतात. तिथे रेझिस्टर रुपया-दोन रुपयांत, बीसी547 ट्रान्झिस्टर काही रुपयांत. दुकानदार फार बोलत नाहीत. यादी नीट लिहून न्यावी, गर्दीच्या वेळी जाऊ नये.

किट तीन प्रकारची असतात. डबीसकट पूर्ण, डबीशिवाय बोर्ड आणि भाग, आणि नुसता बोर्ड. भोसरीकरांनी मधला प्रकार घ्यावा असे आम्ही म्हणतो. कारण किटच्या किमतीचा मोठा वाटा डबीचा, तिच्यातल्या भोकांचा आणि रंगाचा असतो, आणि भोके पाडणे व रंग देणे हा तर आपल्या एमआयडीसीचा धंदाच आहे. डबीचा रूढ आकार साधारण 112 बाय 60 बाय 31 मिलिमीटर. पायाच्या स्विचला 12 मिलिमीटरचे भोक लागते, दोन्ही जॅकना 10 चे, एलईडीला 5 चे. पावडर कोटिंगवाला एका डबीसाठी भट्टी लावणार नाही, पण दुसऱ्या कुणाच्या मालाबरोबर जो रंग चालू असेल त्यात ती टांगून देतो. रंग निवडायचा हट्ट सोडायचा, एवढेच. एक गोष्ट कारखान्यातल्यांना सांगावी लागते: आतून रंग नको. जॅकचा अर्थ डबीच्या उघड्या धातूला लागला पाहिजे. रंग आत गेलाच तर जॅकभोवतीची जागा पॉलिश पेपरने घासून काढायची, नाहीतर पेडल भुंग्यासारखे गुणगुणत राहते.

पहिले किट कोणते, यावर मुले हमखास चूक करतात. त्यांना नावाजलेला, जुन्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा ‘फझ’ हवा असतो. (फझचा हा फाटका आवाज मुळात बिघाडातून सापडला. नॅशव्हिलमधल्या एका रेकॉर्डिंगमध्ये मिक्सिंग टेबलाचा एक चॅनल बिघडला, तो आवाज लोकांना आवडला, आणि 1962 मध्ये तो मुद्दाम काढणारी डबी बाजारात आली.) पण जुने जर्मेनियम ट्रान्झिस्टर महाग, त्यांत नकली माल पुष्कळ, आणि उष्णतेने त्यांचे वागणे बदलते. जानेवारीत जमवलेले सर्किट भोसरीच्या मे महिन्यात वेगळेच वाजते. त्यापेक्षा एका सिलिकॉन ट्रान्झिस्टरचा बूस्टर बरा. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सने 1968 मध्ये काढलेला एलपीबी-1 याच जातीचा. मोजके भाग, एक नॉब. पहिल्याच संध्याकाळी चालू होतो, आणि नाही झाला तर चूक शोधायला जागाच कमी असते.

किटमध्ये दोन गोष्टी मात्र पाहून घ्याव्यात. एक, पायाचा स्विच. नऊ पायांचा हा स्विच जास्त उष्णता लागली की आतले प्लॅस्टिक वितळून निकामी होतो, आणि तो किटमधल्या महागड्या भागांपैकी असतो. म्हणून त्यासाठी छोटा वेगळा बोर्ड देणारे किट नवशिक्याला सोयीचे. दोन, उलट्या विजेपासून संरक्षण देणारा डायोड. पेडलच्या 9 व्होल्टच्या पिनमध्ये मध्यभाग ऋण असतो. घरातल्या बऱ्याचशा ॲडॅप्टरांत तो धन असतो. डायोड नसेल तर चुकीचा ॲडॅप्टर लावताच सगळी मेहनत धुरात जाते. यादीत 1एन4001 किंवा 1एन5817 दिसला म्हणजे किट करणाऱ्याने नवशिक्याचा विचार केला आहे.

चार हजारांचा हिशेब आम्ही त्या मुलाकडून वहीत लिहून घेतला. 25 वॉटचा सोल्डरिंग आयर्न, साधा मल्टिमीटर, सोल्डरची रीळ आणि कटर आधी. ही हत्यारे राहतात, किट एकदाच होते. उरलेल्यात डबीशिवायचे किट सहज बसले, आणि थोडे पैसे बाजूला ठेवायला सांगितले कारण पहिल्या वेळी काहीतरी जळतेच. आईला एक सूचना दिली: नेहमीच्या सोल्डरमध्ये शिसे असते. काम स्वयंपाकाच्या ओट्यावर नको, लहान भावंडे जवळ नकोत, खिडकी उघडी हवी आणि उठल्यावर हात साबणाने धुवायचे.

डबीची भोके वडिलांनी पाडून आणली. ती कुठल्या यंत्रावर पाडली हे त्यांनी सांगितले नाही, पण कडा अशा साफ होत्या की विकतच्या डबीला नसतात. निळी पावडर आतही थोडी गेली होती. ती घासायला दोघे बसले.

फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. 2019 च्या कायद्याप्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते, विक्रेता दिल्लीचा असो की बंगळूरचा. बिल, पाकिटाचे चित्रण आणि विक्रेत्याशी झालेले लेखी बोलणे मात्र जपून ठेवावे लागते. म्हणून फोनवर बोलणे झाले तरी तेच मुद्दे लगेच लिहूनही पाठवावेत.